सेरेंडिपिटी : सिंहलद्वीपातून निघालेला शब्द

एखाद्या कॅफेच्या पाटीवर, डोंगरातल्या निवासस्थानाच्या नावात, शास्त्रज्ञाच्या मुलाखतीत किंवा कंपनी कशी सुरू झाली ते सांगणाऱ्या उद्योजकाच्या तोंडी ‘सेरेंडिपिटी’ हा इंग्रजी शब्द आताशा वरचेवर भेटतो. अर्थ पाहायला जावे, तर शब्दकोशात बहुधा ‘सुखद योगायोग’ असे दोन शब्द मिळतात आणि वाचकाचे समाधान होते. हे समाधान अपुरे आहे, असे माझे मत आहे. ज्याने हा शब्द घडवला त्याने त्यात दोन गोष्टी घातल्या होत्या. एक योगायोग आणि दुसरी चाणाक्षपणा. वापरून वापरून दुसरी गोष्ट झिजून गेली आणि शब्द नुसत्या नशिबाचा पर्याय होऊन बसला. त्या झिजलेल्या अर्ध्या भागाविषयी हा लेख आहे. हा शब्द इंग्रजीत जन्मला असला, तरी त्याचे मूळ आपल्या दक्षिणेच्या समुद्रातल्या एका बेटाच्या नावात आहे, तेही त्यात ओघाने येईल.

माळ्यावरची ट्रंक

साध्या उदाहरणापासून सुरुवात करू. रस्त्याने जाताना शंभराची नोट सापडली, तर ते निव्वळ नशीब. ती कोणालाही सापडली असती, आणि ती नोट आहे हे ओळखायला अक्कल लागत नाही. घरात गॅसचे पुस्तक हरवले, दोन तास शोधले आणि ते माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाले, तर ते शोधाला आलेले यश. त्यात कष्ट आहेत, पण जे हवे होते तेच मिळाले आहे.

आता तीच ट्रंक दोन भाऊ उघडतात असे समजा. गॅसचे पुस्तक काही मिळत नाही, पण तळाशी पिवळ्या पडलेल्या कागदांचे एक पुडके निघते, ज्यावर मोडी लिपीत काहीतरी लिहिले आहे. थोरला भाऊ म्हणतो, रद्दीत टाक. धाकट्याला मोडी थोडीफार वाचता येते. तो पुडके खिडकीपाशी नेऊन वाचू लागतो आणि त्याच्या लक्षात येते की हे पणजोबांच्या हातचे खरेदीखत आहे, आणि ज्या बांधावरून घरात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला आहे त्याच बांधाचा त्यात उल्लेख आहे. कागद दोघांच्याही हाती आला होता, तेव्हा योगायोग दोघांच्या वाट्याला सारखाच आला. सेरेंडिपिटी मात्र एकट्या धाकट्याच्या बाबतीत घडली. शोधत होतो एक, समोर आले दुसरे आणि त्या दुसऱ्याची किंमत आपल्याला ओळखता आली, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच हा शब्द वापरावा. तिसरी गोष्ट वगळली की उरते ते घबाड.

एका पत्रातला शब्द

भाषेतले बहुतेक शब्द कोणी, कधी घडवले ते सांगता येत नाही. या शब्दाची जन्मतारीखच उपलब्ध आहे. २८ जानेवारी १७५४ रोजी लंडनच्या होरेस वॉलपोल यांनी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ब्रिटनचे प्रतिनिधी असलेल्या होरेस मॅन यांना एक पत्र लिहिले. वॉलपोल हे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानल्या जाणाऱ्या रॉबर्ट वॉलपोल यांचे धाकटे चिरंजीव. जुन्या वस्तू, चित्रे, घराण्यांच्या वंशावळी यांचा त्यांना विलक्षण नाद होता. हे दोघे मित्र तरुणपणी फ्लॉरेन्समध्ये भेटले आणि नंतर पुन्हा कधीच भेटले नाहीत, तरी चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा पत्रव्यवहार चालू होता.

मॅन यांनी वॉलपोलना बियान्का कॅपेल्लो या टस्कनीच्या राणीचे एक चित्र भेट म्हणून पाठवले होते. चित्र मिळाल्यावर व्हेनिसमधल्या घराण्यांच्या चिन्हांचे एक जुने पुस्तक चाळताना वॉलपोलना कॅपेल्लो घराण्याच्या चिन्हात एक बारीकसा तपशील दिसला, आणि त्यावरून त्या घराण्याचे टस्कनीच्या मेदिची या राजघराण्याशी असलेले नाते त्यांनी जोडले. हा आनंद मित्राला कळवताना त्यांनी लिहिले की हा शोध जवळजवळ त्या प्रकारचा आहे, ज्याला मी ‘सेरेंडिपिटी’ म्हणतो. पुढे त्यांनी खुलासाही केला : आपण एकदा एक बालिश परीकथा वाचली होती, ‘सेरेंडिपचे तीन राजपुत्र’. ते राजपुत्र प्रवास करत असताना, ज्या गोष्टींच्या शोधात ते नव्हते त्यांचा शोध त्यांना योगायोगाने आणि चाणाक्षपणाने सतत लागत असे.

‘योगायोगाने आणि चाणाक्षपणाने’ या दोन शब्दांमधला ‘आणि’ महत्त्वाचा आहे. वॉलपोलनी ‘किंवा’ म्हटलेले नाही. शिवाय त्यांनी हेही बजावले की जी गोष्ट आपण शोधतच होतो ती सापडली, तर तिला हे नाव द्यायचे नाही. गंमत म्हणजे त्यांचे स्वतःचे उदाहरण या व्याख्येत नीट बसत नाही, कारण घराण्यांची चिन्हे पाहायलाच तर त्यांनी ते पुस्तक उघडले होते. ‘जवळजवळ’ हा शब्द त्यांनी बहुधा म्हणूनच घातला असावा.

हरवलेला उंट

ती परीकथा बालिश आहे असे मला वाटत नाही. वॉलपोलना त्या वेळी ती नीट आठवतही नव्हती. त्यांनी पत्रात एका डोळ्याने आंधळ्या खेचराचा दाखला दिला आहे. मूळ गोष्टीत तो उंट आहे. हरवलेल्या उंटाची ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत अनेकांनी लहानपणी ऐकलेली असेल.

सेरेंडिपच्या राजाने आपल्या तीन मुलांना उत्तम गुरूंकडून शिकवले आणि जगाचा अनुभव घेण्यासाठी देशाबाहेर पाठवले. बेरामो नावाच्या सम्राटाच्या राज्यातून जात असताना त्यांना उंट हरवलेला एक उंटवाला भेटला. राजपुत्रांनी त्याला विचारले : तुझा उंट एका डोळ्याने आंधळा होता का, त्याचा एक दात पडला होता का, तो लंगडत होता का? त्याच्या पाठीवर एका बाजूला लोणी, दुसऱ्या बाजूला मध आणि वर एक गरोदर बाई होती का? सगळे तंतोतंत जुळले. पण आम्ही तो उंट पाहिलेला नाही, असे राजपुत्रांनी सांगताच उंटवाल्याने त्यांना चोर ठरवले आणि सम्राटापुढे उभे केले. राजपुत्र तुरुंगात गेले. सुदैवाने तो उंट दुसऱ्या एका वाटसरूला मिळाला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि आपल्याला हे कसे कळले ते त्यांनी सांगितले.

वाटेच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले होते, तेही दुसऱ्या बाजूचे गवत चांगले असताना, म्हणजे उंटाला ती बाजू दिसत नसणार. अर्धवट चावलेल्या गवताचे दाताएवढे चोथे वाटेवर पडले होते, ते दातांमधल्या फटीतून गळलेले असणार. तीन पायांचे ठसे स्पष्ट होते आणि चौथा पाय फरपटल्याची खूण होती. वाटेच्या एका कडेला मुंग्यांची रांग लागली होती आणि दुसऱ्या कडेला माश्या घोंगावत होत्या, म्हणून एकीकडे लोणी सांडले असावे आणि दुसरीकडे मध. उंट बसला होता त्या जागी बाईच्या पावलाचा ठसा होता आणि शेजारी हातांचे ठसे होते, कारण जड अंगाने उठताना तिला जमिनीवर हात टेकावे लागले होते.

या कथेत योगायोग फारच थोडा आहे. राजपुत्र त्या वाटेने गेले एवढाच. त्याच वाटेवरून त्या दिवशी आणखीही माणसे गेली असतील, आणि मुंग्या त्यांनाही दिसल्या असतील. पण मुंग्या एकीकडेच का आणि माश्या दुसरीकडेच का, हा प्रश्न फक्त तिघांना पडला. ज्या कथेवरून हा शब्द घडला, तिच्यात नजरेचा वाटा नशिबापेक्षा कितीतरी मोठा आहे.

दिल्ली, व्हेनिस, लंडन

ही कथा लंडनपर्यंत पोहोचली तो मार्गही लांबचा आहे. व्हेनिसमध्ये १५५७ साली ती इटालियन भाषेत छापली गेली. फारसीतून हे भाषांतर क्रिस्तोफोरो आर्मेनो यांनी केल्याचे त्या पुस्तकात म्हटले आहे. पुढे फ्रेंचमार्गे ती इंग्रजीत आली. फारसी मुळाचा माग काढला की आपण दिल्लीला पोहोचतो. अमीर खुस्रो यांनी १३०२ च्या सुमारास रचलेल्या ‘हश्त बिहिश्त’ या काव्यात सरणदीपच्या राजपुत्रांची ही कथा आहे. त्या काव्याचा साचा निजामी या इराणी कवीच्या बाराव्या शतकातल्या काव्यावरून घेतलेला आहे, आणि इटालियन कथेतला सम्राट बेरामो म्हणजे इराणच्या जुन्या आख्यायिकांमधला बहराम गूर. उंटाचा प्रसंग तर याहूनही जुना आहे. ज्यू लोकांच्या तालमूद या ग्रंथातही आंधळ्या उंटाची अशीच एक हकिकत आढळते.

आता ‘सेरेंडिप’ म्हणजे कोणता देश? अरब आणि इराणी दर्यावर्दी श्रीलंकेला ‘सरनदीब’ म्हणत. संस्कृतातले ‘सिंहलद्वीप’ पालीत ‘सीहळदीप’ झाले. अरबीत ‘प’ हा उच्चारच नाही, म्हणून ‘दीप’चे ‘दीब’ झाले. ‘ल’ आणि ‘र’ यांची अदलाबदल भाषांमध्ये नेहमीच होत असते, तशी ती इथेही झाली. मालदीव या नावातला ‘दीव’, गुजरातच्या किनाऱ्यावरचे दीव आणि सेरेंडिपिटी या शब्दातला ‘दिप’ ही एकाच ‘द्वीप’ शब्दाची भावंडे आहेत. वॉलपोलनी या बेटाच्या नावाला इंग्रजीतला भाववाचक प्रत्यय जोडला. मराठीत बेटाच्या नावाला ‘पणा’ जोडून भाववाचक नाम करावे, तसाच हा प्रकार आहे.

वॉलपोलची ती पत्रे १८३३ साली छापली गेली, तोवर हा शब्द एका खासगी पत्रात पडून होता. त्यानंतरही बराच काळ तो जुन्या पुस्तकांच्या शौकिनांपुरता राहिला. विसाव्या शतकात वॉल्टर कॅनन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तो उचलला आणि प्रयोगशाळेत आणला.

मग याला योगायोगच का म्हणू नये?

असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. नवा शब्द घेण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहावेच. आपल्याकडे योगायोगाचे प्रकार बारकाईने वेगळे केलेले आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तेव्हा दोन घटना एकाच वेळी घडलेल्या असतात, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. घुणाक्षर न्यायात लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेतून अजाणता एखादे अक्षर उमटते. किड्याला ते लिहायचे नव्हते आणि वाचताही येत नाही.

सेरेंडिपिटीपाशी सर्वांत जवळ येतो तो हा दुसरा न्याय, पण एका पावलाने अलीकडेच थांबतो. अक्षर उमटले इतकेच तो सांगतो. ते अक्षर आहे हे ज्याने ओळखले, त्या माणसासाठी या न्यायात जागा नाही. सेरेंडिपिटी हा शब्द त्या माणसाचा आहे. ‘योगायोग’ घटनेचे वर्णन करतो आणि ‘सेरेंडिपिटी’ घटना व माणूस यांच्या जोडीचे.

फिलाडेल्फियातली नाणी आणि वुर्झबर्गचा पडदा

हा फरक नुसता शब्दांचा कीस नाही, हे क्ष-किरणांच्या इतिहासावरून दिसते. २२ फेब्रुवारी १८९० रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आर्थर गुडस्पीड आणि छायाचित्रकार विल्यम जेनिंग्ज विजेच्या ठिणग्यांची छायाचित्रे घेत होते. काम संपल्यावर गुडस्पीड यांनी पाहुण्याला तिथली काचनळीतली विजेची उपकरणे चालवून दाखवली. जवळच फोटोच्या काचा होत्या आणि त्यांवर दोन नाणी पडलेली होती. पुढे काचा धुतल्या, तेव्हा एकीवर दोन गोल सावल्या उमटलेल्या दिसल्या. दोघांनाही उलगडा होईना. काच बाजूला ठेवली गेली आणि विसरली गेली.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन तशाच एका नळीवर प्रयोग करत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली असूनही थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला एक पडदा उजळलेला त्यांना दिसला. झाकलेल्या नळीतून प्रकाश बाहेर येऊ शकत नाही, मग पडदा कशाने उजळला? राँटगेन यांनी तो प्रश्न सोडला नाही. पुढचे सुमारे सात आठवडे ते त्याच एका गोष्टीमागे लागले आणि २८ डिसेंबरला त्यांनी आपला निबंध सादर केला. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. राँटगेन यांच्या शोधाची बातमी फिलाडेल्फियात पोहोचली, तेव्हाच गुडस्पीड यांना ती जुनी काच आठवली. ती शोधून काढून त्यांनी लोकांना दाखवली, पण शोध आपण लावला असा दावा केला नाही. त्या प्रामाणिकपणाचा मला फार आदर वाटतो. अपघात त्यांच्याकडे राँटगेन यांच्याआधी साडेपाच वर्षांहून अधिक काळ येऊन गेला होता.

पेनिसिलिनची गोष्ट अधिक परिचित आहे, म्हणून तिच्यातला सहसा न सांगितला जाणारा भागच सांगतो. सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातल्या आपल्या प्रयोगशाळेत बुरशी पडलेली एक बशी दिसली आणि त्या बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेले दिसले. बुरशी पडलेली बशी कोणीही फेकून देईल, आपण बुरशी आलेला पाव टाकतो तसा. फ्लेमिंग यांनी ती फेकली नाही, कारण काही वर्षांपूर्वी नाकातल्या स्रावामुळे जंतू विरघळताना त्यांनी पाहिले होते आणि त्यावर कामही केले होते. जंतू विरघळणे या दृश्याला त्यांची नजर सरावलेली होती. मात्र त्या बशीपासून औषधापर्यंतचे काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ पासून पुढे केले, आणि ते अजिबात अपघाताने झालेले नाही. १९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून देण्यात आले.

सुखद, पण कोणासाठी?

‘सुखद योगायोग’ या अर्थातला ‘सुखद’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या बाडिशे कंपनीचे रसायनतज्ज्ञ कृत्रिम नीळ स्वस्तात कशी करता येईल याच्या शोधात होते. एका प्रयोगात तापमापक फुटला, त्यातला पारा मिश्रणात सांडला आणि अडलेली रासायनिक क्रिया एकदम वेगाने होऊ लागली. युजेन सापर या रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आले की हा पाऱ्याचा प्रताप आहे. १८९७ साली कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. कंपनीसाठी यासारखी सेरेंडिपिटी नाही. बंगाल आणि बिहारमधला निळीचा व्यापार मात्र या स्वस्त निळीपुढे काही वर्षांत कोसळला आणि मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांकडून वाढीव खंडाच्या रूपाने वसूल करायला सुरुवात केली. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागच्या तक्रारींमध्ये हीही एक होती.

महाराष्ट्रातले उदाहरण म्हणून अजिंठ्याचे नाव हमखास घेतले जाते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास सैन्यातला ब्रिटिश अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला असताना त्याला वाघूर नदीच्या घळीतली लेणी दिसली. शिकार शोधताना लेणी मिळाली, म्हणजे अर्धी व्याख्या पूर्ण झाली. पण परिसरातल्या लोकांना ती लेणी माहीत होती, तेव्हा ‘शोध’ हा शब्द इंग्रजांपुरताच खरा आहे. आणि चाणाक्षपणाचे काय? स्मिथने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. मला हे सेरेंडिपिटीचे उदाहरण मानवत नाही. १८४४ पासून तिथे राहून चित्रांच्या प्रतिकृती करणारे रॉबर्ट गिल, किंवा १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन तेच काम करणारे जॉन ग्रिफिथ्स, यांच्यापाशी ती नजर होती. पण ते ठरवून गेले होते, म्हणून वॉलपोलच्या व्याख्येत तेही बसत नाहीत. योगायोग एकाच्या वाट्याला आणि नजर दुसऱ्याच्या, असे इतिहासात पुष्कळदा होते.

ठरवून घडवता येते का?

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे. जी गोष्ट न शोधता सापडते ती ठरवून कशी घडवणार? ती घडवता येत नाही हे खरेच, पण तिच्यासाठी वाट मोकळी ठेवता येते. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचा अनुभव याला साजेसा आहे. १९३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात ते दुसराच एक शब्द पाहत होते, आणि त्याच पानाच्या आसपास त्यांना ‘सेरेंडिपिटी’ दिसला. हा शब्द त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. एलिनॉर बार्बर यांच्यासह त्यांनी या एकाच शब्दाच्या प्रवासावर १९५८ साली एक पुस्तक लिहून पूर्ण केले. ते ४० हून अधिक वर्षे अप्रकाशित राहिले, २००२ मध्ये इटालियन भाषांतराच्या रूपात आले आणि मर्टन यांच्या निधनानंतर २००४ मध्ये इंग्रजीत छापले गेले.

मोबाइलवर शब्द टाइप केला की त्याच शब्दाचा अर्थ मिळतो, शेजारचा शब्द दिसत नाही. ग्रंथालयात हव्या त्या पुस्तकाशेजारचे पुस्तक हाताला लागते. ऑनलाइन दुकानात आपण आधी काय घेतले त्यावरून पुढचे सुचवले जाते, म्हणजे आपल्यासारखेच काहीतरी पुन्हा आपल्यापुढे येते. सोय वाढली यात वाद नाही. पण सुचवलेल्या वस्तूला सेरेंडिपिटी म्हणणे बरोबर नाही, कारण ती आपल्यापुढे हिशेब करून ठेवलेली असते.

मराठीत काय म्हणावे?

‘सुखद योगायोग’ ने काम भागत नाही हे आतापर्यंत स्पष्ट झाले असेल. ‘सुदैवी शोध’ थोडा जवळ जातो, पण त्यातही नजर नाही. माझ्या मते हा शब्द मराठीने जसाच्या तसा ठेवावा. ‘द्वीप’ हा आपलाच शब्द त्यात आहे. तो अरबांच्या गलबतांतून गेला, दिल्लीच्या फारसीत राहिला, व्हेनिसच्या छापखान्यातून निघाला आणि एका इंग्रज गृहस्थाच्या पत्रात नवा अर्थ घेऊन बसला. बस चुकली आणि थांब्यावर शाळेतला मित्र भेटला, तर त्याला खुशाल योगायोग म्हणावे. त्या मित्राच्या हातातला जुना कागद पाहून, त्यावरचे अक्षर आपल्या आजोबांचे आहे हे जर आपल्याला ओळखता आले, तर मात्र सेरेंडिपिटी म्हणावे.